अर्पाची बाजू

दर वर्षी सुगीच्या सणाला आमच्या माण गावच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत मुलांचं नाटुकलं व्हायचं आणि ते रूथचंच असायचं. बसवायच्या सुगंधामावशी. गोष्ट बायबलच्या जुन्या करारातली. नामी नावाच्या बाईचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. आपल्या गावी परत निघालेल्या नामीनं विधवा सुनांना सांगितलं, माहेरी जा. रूथनं सासूला सोडलं नाही. दुसरी सून अर्पा, ती रडली आणि गेली. आमच्यात मुलींचं नाव रूथ ठेवतात. अर्पा ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही.

मावशींना रूथची फिकीर नसे. "ती काय, आपली हुबीच ऱ्हाती," म्हणायच्या. सगळी तालीम अर्पाची. मी नऊ वर्षांची असताना ते काम माझ्या वाट्याला आलं आणि मी रुसून बसले. मावशी म्हणाल्या, "अर्पाला नावं ठिवायची न्हाईत. सासूनं जा म्हनलं म्हून गेली ती. रडत गेली. तसं लिवलंय का न्हाई?" मग मला तीनदा चालायला लावलं. मी झपझप निघाले तर म्हणाल्या, "जत्रंला चाललीस व्हय गं?"

त्या पाळणाघरात आया होत्या. अंगानं काटकुळ्या, जिभेनं फटकळ. एका जमीनवाल्यानं बांधलेल्या चाळीत एका खोलीत एकट्या राहायच्या. माझी दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत, तांदूळ निवडता निवडता, त्यांनी आपली हकिगत सांगितली. लग्न ताम्हिणीकडच्या वाडीत झालेलं. दोन वर्षांत नवरा गेला. सासूनं स्वतःच्या हातानं गाठोडं बांधून दिलं, "तुझं वय हाय, जा," म्हणाली. नाताळला येते असं सांगून मावशी निघाल्या. तीन नाताळ गेले. पुढच्या पावसाळ्यात सासू तापानं घरातच गेली, आणि वाडीला कळलं दोन दिवसांनी. "पान्याचा तांब्या पालथा पडला हुता म्हनं," एवढं सांगून त्या पुन्हा खडे वेचू लागल्या.

एकदा पाळकांनी उपदेशात सांगितलं, माणूस शब्द मोडतो, पण देव आपला करार मोडत नाही. आपण टाकलेल्यांनाही तो टाकत नाही. बाहेर पडताना मावशी त्यांच्यासमोर थांबल्या.

"आसंल त्यो तितं, माझ्या सासूजवळ. मी न्हाई म्हनत न्हाई. पर पानी पाजाया हात लागत्यात, पाळकसाहेब. ते माझं हुतं."

मावशींनी चर्चमध्ये येणं कधी सोडलं नाही, पहिला बाक त्यांचाच. मात्र सगळे "आमेन" म्हणत तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले असत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी अंथरूण धरलं. मी तोवर सूसला सोसायटीत राहायला गेले होते. गाडीनं अर्ध्या तासाचं अंतर. भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "माझं येकच मागनं हाय. जाताना कुनीतरी जवळ आसावं. तू येशील?" मी त्यांचा हात धरून येईन म्हटलं. त्यानंतर एका सोमवारी त्यांनी बोलावल्याचा निरोप आला. ऑफिसात कामाचा डोंगर होता. शनिवारी येते, असं कळवलं. खोटं नव्हतं ते, मी शनिवारी निघणारच होते. गुरुवारी मावशी गेल्या.

शेजारच्या खोलीत बांधकामावर राबणारं एक बिहारी जोडपं राहत होतं. मावशी गेल्याचं त्यातल्या बाईनं कामावरून आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. मी पोचले तेव्हा ती दारातच उभी होती.

"मैं तो काम पर थी, दीदी," ती म्हणाली. "तीन दिन से किसी का रास्ता देख रही थीं. आप ही हैं वो?"

हो, मीच ती, असं मी तिला सांगितलं.