गिझरचा जोड

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकेल, माफ असावं.

आज-उद्या करत प्लंबर शेवटी आज सकाळी आला. नव्या गिझरचा जोड उघडून म्हणाला, "वहिनी, ही टेप उलटी कुणी गुंडाळली? आटे आवळले की सुटत जाते." ह्यांनीच गुंडाळली होती.

पाइप मधे गळत नाही, जोडावरच गळतो. घराचंही तसंच असावं.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी गिझर घेतला होता. पहिल्याच दिवशी गळायला लागला, म्हणून बंद ठेवला. मी पातेलीभर पाण्याने त्यांचं अंग पुसायची. त्यांना डोक्यावरून न्हायचं होतं.

"झालं का गं तुझं यंत्र?"

"उद्या, आई."

"तुझा उद्या माझ्याहून म्हातारा झाला," म्हणून त्या हसायच्या.

त्या गेल्या, तेव्हा रीतीप्रमाणे पाणी अंगणात तीन दगडांवर तापवलं. त्या दिवशी त्यांना डोक्यावरून न्हाऊ घातलं.

आता जोड कोरडा आहे. नळाला कढत पाणी येतं. गिझरसाठी जावेकडून घेतलेले पैसे आज संध्याकाळी पूर्ण फेडले.