बेचाळीस जणांची उचल

"ऊठ आता. गेले सायेब."

मी उठले. भाऊंनी खांद्यावरचा पांढरा नॅपकिन काढला, खुर्चीच्या बैठकीवर दोनदा झटकला, पाठ टेकायच्या जागी एकदा, आणि बसले. बसता बसता म्हणाले, "चहाचे कप धुऊन ठेव."

खुर्ची साफच होती. सकाळी मीच पुसली होती. त्या खुर्चीत मी जेमतेम वीस मिनिटं बसले, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. अकोल्याहून एका फायनान्स कंपनीचे साहेब फर्म बघायला आले होते. फर्म माझ्या नावावर होती. म्हणून मला मालकाच्या खुर्चीत बसवलं, वहिनींची नवी शाल माझ्या खांद्यावर टाकली, टेबलावर माझ्या नावाचा शिक्का मांडला. साहेबांनी मोबाइलवर माझा फोटो काढला. भाऊ समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत हात बांधून नोकरासारखे बसले होते. मला हसू आवरत नव्हतं.

ऑफिस भाऊंच्या घरातच, खालच्या मजल्यावर. मी बेसिनपाशी कप धूत होते. वहिनी आल्या. माझ्या खांद्यावरची शाल दोन बोटांनी उचलली आणि धुण्याच्या बादलीत टाकली. 

मला राग आला का? नाही आला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी पहिल्यापासून शहाणी होते असं वाटायचं. मी स्वतःची समजूत घातली. माणसाला सवय असते झटकायची. शालीवर चहा सांडला असेल. अशी समजूत मला लहानपणापासून घालता येते. तांड्यावरच्या पोरीला ती शिकवावी लागत नाही.

माझा तांडा कामरगावच्या पुढे. माझी याडी, म्हणजे आई, आणि बा दर वर्षी ऊसतोडीला जायचे. मी आश्रमशाळेत राहून शिकले, कारंज्याला बी. कॉम. झाले आणि भाऊंकडे हजेरी लिहायला लागले. भाऊंचा धंदा माणसं पुरवण्याचा. एका सरकारी दवाखान्याला सफाईवाल्या बाया, वॉर्डातले मदतनीस, गेटवरचे गार्ड असे बेचाळीस जण त्यांनी दिले होते. माणसं दवाखान्यात राबणार, त्यांचा पगार भाऊ देणार, आणि दवाखाना भाऊंचं बिल चुकतं करणार. असा सगळा मामला.

एक दिवस भाऊ म्हणाले, "तू माही बहीणच आहेस. नवी फर्म तुह्या नावानं काढू. बाईच्या नावानं असलं की काम लवकर भेटते."

त्यांची जुनी फर्म कुठल्याशा ऑफिसानं काळ्या यादीत टाकली होती, हे मला फार उशिरा कळलं. दवाखान्याचं काम चालू ठेवायला त्यांना नवं नाव हवं होतं. सही करता येणारं आणि तोंड न उघडणारं. मी मात्र हरभऱ्याच्या झाडावर चढले. शिक्का तयार होऊन आला तेव्हा मी तो माझ्याच तळहातावर उमटवला आणि तसाच हात घेऊन तांड्यावर गेले. याडीला वाचता येत नाही. तिनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, मालकीण. तिनं माझा हात धरून चार घरी दाखवून आणला.

त्या शिक्क्याला मी नंतर कधी हात लावला नाही. तो भाऊंच्या ड्रॉवरमध्ये असायचा. माझ्या नावाचं सिमकार्डही तिथंच. बँकेचा निरोप त्याच्यावर यायचा. मला फक्त सही करायला बोलवायचे. "बँकेची फॉर्मालिटी हाय," म्हणायचे. मी करायचे. इंग्रजीत, लफ्फेदार, खाली रेघ ओढून.

मग पगार थांबले.

एक महिना, दोन महिने. बाया भाऊंच्या दारात जात नव्हत्या. दवाखान्यात मी हजेरी घ्यायला गेले की मलाच गाठायच्या. आणि मी सांगायचे, बिल निघालं नाही. भाऊंनीच शिकवलं होतं तसं. "बिल निंगालं नाही म्हन. सरकारी काम हाय, लोकं समजून घेतात." लोक खरंच समजून घ्यायचे. सरकारी काम म्हटलं की आपल्याकडे माणूस पुढचं विचारतच नाही.

शबानाखाला बाळंतिणींचा वॉर्ड पुसायच्या. कारंज्यातच राहतात, नवरा नाही, सासू अंथरुणावर. त्यांच्या तीन बकऱ्या होत्या. पगार थांबल्याच्या दुसऱ्या महिन्यात एक बाजारात गेली. मला म्हणाल्या, "बेटी, बिल निकला क्या?" मी म्हटलं, नाही खाला, साहेबांची बदली झाली, नवीन साहेब आले की निघेल. ती बदलीची गोष्ट तर माझी मीच जोडली. खोटं बोलायची सवय लागली की पदरचं मीठमसाला घालायलाही जमतं. तिसऱ्या महिन्यात दुसरी बकरी गेली. त्या दिवशी खालांनी मला डब्यातला अर्धा पराठा दिला. म्हणाल्या, "तेरा भी पगार नहीं हुआ होगा ना."

माझा पगार झाला होता. दर महिन्याला, सात तारखेला. मी तो पराठा खाल्ला.

चौथ्या महिन्यात ते अकोल्याचे साहेब पुन्हा आले, न सांगता. भाऊ वाशीमला गेले होते. मी हजेरीचं रजिस्टर लिहीत होते. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचीच भेट घ्यायची होती. पगार वेळेवर होतायत ना सगळ्यांचे?"

मी ठरलेलं सांगितलं. बिल निघालं नाही.

"ते तर नाहीच निघालं. पण म्हणून तर आम्ही आहोत." त्यांनी एक कागद समोर ठेवला. चार महिन्यांची चार बिलं. प्रत्येक बिलासमोर रक्कम, आणि शेवटी माझी लफ्फेदार सही.

मला काही कळेना. साहेब इंग्रजीत समजावू लागले, मग माझ्याकडे बघून थांबले. वऱ्हाडातलेच असावेत. म्हणाले, "साधं आहे हो. दवाखाना बिल द्यायला चार-चार महिने लावतो. तोवर पगार कशातून करणार? म्हणून आम्ही बिलावर पैसे देतो. शंभराच्या बिलाला ऐंशी, आठ दिवसांत. दवाखान्याचं बिल आलं की आमचे आम्ही कापून घेतो. तुमच्या भाषेत, उचल म्हणा ना."

उचल.

हा शब्द मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्या शब्दावरच वाढले. दर वर्षी मुकादम तांड्यावर यायचा, उचल द्यायचा, आणि तेवढे पैसे फिटेपर्यंत याडी आणि बा ऊस तोडायचे. म्हणजे या बेचाळीस जणांच्या घामावर चार वेळा उचल आली होती. माझ्या सहीनं आली होती. आणि मी हजेरी घेताना त्यांच्या डोळ्यांत बघून बिल निघालं नाही म्हणत होते.

साहेबांना मी पाणी दिलं. अर्धं पाणी कागदावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंसमोर उभी राहिले. त्यांचे दोन दोस्त बसलेले होते. मी म्हटलं, "भाऊ, कंपनीचे पैसे येऊन राह्यले. मंग लोकाइचे पगार काहून नाही?"

भाऊ दोस्तांकडे बघून हसले. "पाहा, मालकीण बोलून राह्यली."

मग माझ्याकडे वळले. "पैसा फिरवा लागते. पुढच्या टेंडरची अनामत कोठून भरू? तुह्या बापानं ठेवली हाय का?"

"ते पैसे पगाराचे होते."

"तू मले शिकवून राह्यली? तुमी ऊसतोडवाले लोकं. उचल घ्याची आन् पयून जायचं, हे तुमचं खानदान. तुले खुर्चीत बसाची अक्कल मी देल्ली."

दोस्त हसले. त्यातला एक खाली बघत हसला, तेवढीच त्याची लाज.

 मी पोटात होते तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत याडीनं डोक्यावर मोळ्या वाहिल्या. कशासाठी? तर उचल फिटली नव्हती म्हणून. पळून जाणाऱ्यांचं खानदान! हे तो माणूस म्हणत होता, ज्यानं बेचाळीस जणांची उचल गिळून ढेकर दिला होता. पण मी यातलं काही बोलले नाही.  त्याची मला आजही लाज वाटते.

मग त्यांचा आवाज मऊ झाला. "समजून घे. कागदावर तूच हायेस. शिक्का तुहा, सही तुही. बोंबलशीन तर पयले तुलेच नेतील. चूपचाप काम कर, बहीण हायेस माही."

तेव्हा कळलं बहीण कशाला हवी होती ते. इतके दिवस मी समजत होते, विश्वास आहे म्हणून माझं नाव घेतलं. विश्वास नव्हता. उद्या कोणी दार ठोठावलं तर पुढे ढकलायला कोणीतरी हवं होतं, आणि तांड्यावरच्या पोरीसाठी कोण विचारायला येणार? माझ्या आयुष्यात मला इतकं कोणी फसवलं नाही, आणि मी इतकं कोणाला भाऊ म्हटलं नाही. इथून पुढे मी त्याला ठेकेदारच म्हणणार आहे.

मी माझ्या टेबलाशी गेले, हजेरीचं रजिस्टर काखोटीला मारलं आणि निघाले. ठेकेदार मागून ओरडला, "ते रजिस्टर ठेव!" मी म्हटलं, "फर्म माही हाय ना? मंग रजिस्टरबी माहं."

घरी याडीला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. आमच्या बोलीत म्हणाली, मुकादम शिव्या द्यायचा, हिशोबात लुबाडायचा, पण उचल आमच्या हातात ठेवायचा. आम्ही खाल्ली, आम्ही फेडली. तुझ्या लोकांची उचल त्यांना दिसली तरी का? मी मान हलवली. मग ती म्हणाली, मग तू त्या मुकादमाहून वाईट काम केलंस. एवढं बोलून ती शेंगा सोलत राहिली. तिनं मला जवळ घेतलं नाही, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

सोमवारी बँकेत गेले. आधार कार्ड ठेवलं. "मी प्रोप्रायटर. खात्याला माझा हा नंबर जोडा. जुनी चेकबुकं बंद करा. चार महिन्यांचा उतारा द्या." बँकेतल्या माणसानं कॉम्प्युटरमधला फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि मुकाट्यानं फॉर्म दिला. खात्यात सहाशे रुपये उरले होते. उताऱ्यात सगळं होतं. पैसे आले की दोन दिवसांत ठेकेदाराच्या, नाहीतर त्याच्या बायकोच्या खात्यात जायचे.

तिथून दवाखान्यात गेले. शबानाखाला बादली घेऊन जिन्यात उभ्या होत्या. मी म्हटलं, "खाला, बिल निघालं नाही हे खरं. पण पगाराचे पैसे चारही महिने आले होते. माझ्या सहीनं आले. त्यानं खाल्ले."

त्यांनी बादली खाली ठेवली. "तेरेको मालूम था?"

"नहीं."

"दस्तखत तेरी थी?"

"हाँ."

 मग म्हणाल्या, "तीसरी बकरी कल गयी." बादली उचलली आणि वॉर्डात गेल्या.

मला वाटलं होतं त्या रागावतील, नाहीतर डोक्यावरून हात फिरवतील. दोन्ही नाही झालं. मला त्यांची माफी हवी होती, हे मला त्या जिन्यातच कळलं. आणि ती मागायचा हक्क मी गमावलाय हेही.

तरी तक्रार द्यायला वाशीमला जायच्या दिवशी त्या स्टँडवर आल्या. आणखी अकरा जणी आल्या. एसटीत खाला माझ्याजवळ बसल्या नाहीत. पुढच्या सीटवर बसल्या आणि कारंज्यापासून वाशीमपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात एका क्लार्कबाईंनी अर्ज घेतला. हजेरीचं रजिस्टर पाहिलं, बँकेचा उतारा पाहिला. मग पेन ठेवलं.

"अवो बाई, इथं तक्रार करनाऱ्याचं नाव बी तुमचं आन् ज्याच्यावर तक्रार हाय त्याचं बी तुमचंच."

"हो."

"फर्मची मालक तुमीच. तुमीच अडकसान. समजून राह्यलं ना?"

मी मागे पाहिलं. बारा बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या. कोणी मान हलवली नाही, कोणी थांब म्हटलं नाही.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "एक नंबरले मी. दोन नंबरले तो. त्याचं नाव मी सांगते, बापाच्या नावासकट, गावासकट."

फायनान्स कंपनीच्या वसुलीच्या नोटिसा आता तांड्यावर येतात, माझ्या नावानं. मला कोणी कामावर ठेवत नाही. मी कामरगावच्या एका दुकानात फॉर्म भरून देते, त्यातून तारखेला वाशीमला जायचं एसटीचं भाडं निघतं. परवा ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. म्हणाला, तक्रार मागे घे, भाऊ कंपनीचं पाहून घेतील, तुले मोकयी करतील.

मी त्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं. म्हटलं, "मले मोकयं व्हायचं नाही. बेचाळीस लोकाइचे चार महिन्याचे पगार आधी. सही माही होती, हे मी हर तारखेले सांगीन. आन् पैसे कोणाच्या घरात गेले, तेबी हर तारखेले सांगीन. मले जेल झाली तर जेलातून सांगीन. जा, सांग त्याले."