बीडीपुरता वेळ

गोरे साहेब देश सोडून गेल्यावर आम्हा नव्या अधिकाऱ्यांना घोडेस्वारीचा शौक जडला. हिवाळ्यात मैदानाच्या कडेला तंबू ठोकून आम्ही चार दिवस घोड्यांसोबत राहायचो. तिथे घोड्यांची निगा राखणारा बिहारी मोतद्दार भिजवलेले हरभरे माझ्या घोडीला घालण्याआधी मूठभर स्वतः खायचा आणि बीडी पेटवायचा.

"बीडी खतम होने दीजिए साब, फिर दाना."

मला हसू यायचं.

एका सकाळी बीडी अर्धीही झाली नव्हती आणि तो कोसळून ओकायला लागला. भुकेल्या घोडीने हरभऱ्यांच्या बादलीकडे मान लांबवली, तेव्हा पडल्यापडल्याच त्याने लाथ मारून बादली उपडी केली. उंदीर मारायची भुकटी आदल्या रात्री बादलीभोवती मीच पसरली होती आणि हात न धुताच हरभरे ढवळले होते.

तो वाचला. मी कुणालाच काही बोललो नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी घोडीला थोपटायला गेलो, तर त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पहले हाथ धो लीजिए, साब."