वरून आदेश आहे

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. मी घरी गप्प असतो ते कामाच्या गोपनीयतेमुळे, असं ती पाहुण्यांना कौतुकाने सांगते — आणि मी ऐकून घेतो. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सुरुवात कुठून करू?

नाशिकच्या एका छोट्या कंपनीत आम्ही सैन्यासाठी टेहळणीचं ड्रोन तयार करत होतो. चाचण्या दिंडोरीकडच्या एका माळावर, शेजारी द्राक्षबागा. ऊन तापलं की ड्रोनची मोटर हवेतच बंद पडते, हे मी एका दुपारी पाहिलं होतं. मी एकट्यानेच. बोललो असतो तर अधिकाऱ्यांपुढचं प्रात्यक्षिक लांबलं असतं, माझी बढतीही लांबली असती. मग बोललो का? छे! तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

पुढच्याच चाचणीत ते बागेत कोसळलं. छाटणी करणाऱ्या लताबाईंच्या तोंडावर. डावा डोळा गेला.

दवाखान्यात त्यांचे यजमान भेटले — रामनाथ, फौजेतून रिटायर झालेले. मला पाहून ते बाकावरून उठून ताठ उभे राहिले. मी माफी मागितली असेल असं वाटतं तुम्हाला? मी आवाज खाली आणून म्हणालो, "सिक्रेट प्रोजेक्ट आहे. वरून आदेश आहे, कुठं बोलायचं नाही."

कुठलं वरून? वरिष्ठांना तर मी वाऱ्याने ड्रोन पडलं एवढंच कळवलं होतं, बाईचं नावही काढलं नव्हतं. वरून काही आलं असेल तर ते ड्रोनच.

"देशाचं काम हाय ना सायेब? मग आमचं तोंड नाय उघडणार," रामनाथ म्हणाले.

आणि नाही उघडलं. डॉक्टरांना, गावाला, सगळ्यांना त्यांनी सांगितलं की द्राक्षाच्या मांडवाची तार लागली. इतकी वर्षं बागेत राबून हिला तार दिसत नाही, म्हणून मुकादमाने लताबाईंना छाटणीच्या टोळीतून काढलं. आता त्या द्राक्षांचे क्रेट धुतात. बायका हसतात, त्या ऐकून घेतात. मोटर मी नंतर गुपचूप बदलली. मला बढती मिळाली, पेढेही वाटले. माझी मलाच किळस येते — पण पगार घेताना येत नाही, हेही सांगून टाकतो.

परवा शहरात सैन्याच्या सामग्रीचं प्रदर्शन भरलं होतं. तेच ड्रोन आमच्या कंपनीच्या टेबलावर, माहिती द्यायला मी. वजन, वेग, बॅटरी — सगळं मोठ्या फलकावर छापलेलं. शाळेची पोरं ते हातात धरून फोटो काढत होती. सिक्रेट म्हणे! लपवण्यासारखा त्यात माझा भित्रेपणा तेवढा होता.

गर्दीतून रामनाथ आणि लताबाई आले. लताबाईंनी मान तिरकी करून उजव्या डोळ्याने ड्रोन न्याहाळलं, त्याच्या काळ्या पात्यावरून बोट फिरवलं.

"अहो, हेच व्हतं ना?"

रामनाथांनी फलक वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. मग म्हणाले, "नाय गं. ते सिक्रेट व्हतं. हे कसं आसंल?" आणि माझ्याकडे पाहिलं. दोघांनीही पाहिलं.

"हे वेगळं," मी म्हणालो, आणि दोघांच्या हातात एकेक माहितीपत्रक दिलं.