कलमाची चिंदी

कलम माझ्या हातातच मोडलं. म्हाराजांच्या बागेतलं आंब्याचं कलम, आणि माझ्या काखेत सहा महिन्यांची लेक.

त्या रोपाला चिंदी बांधल्याली दिसली, तवा मला वाटलं नवसाचं झाड हाय. लेकीसाठी नवसाची गाठ बांध असं सासूबाईंनी सांगितल्यालं, म्हणून लेकीच्या कुंचीची चिंदी मीबी बांधली आणि गाठ जोरात वढली.

तेवढ्यात म्हातारा माळी आला. त्याचं नाव मी कधी इचारलं न्हाई. त्यानं मोडल्यालं जोडलं, माझीच चिंदी घट्ट गुंडाळली, वर शेणमाती लिंपली.

"रडू नगंस पोरी. ही रीत आमची माळ्यांचीच. झाड जगावं म्हणून आमी बांधायचो, ते बघून बायका लेकरांसाठी बांधाय लागल्या."

महिन्यानं तांबूस पालवी फुटली. माळी लेकीला खांद्यावर घिऊन नाचलाच की. मग म्हणाला, "आता गाठ सोड. जगलं की सोडायची, न्हाईतर तीच गळा आवळती."

सासूबाई म्हणत्यात, नवसाची गाठ सोडली की लेकराला बाधतं. लेक तर पालवी धराय खिदळत हुती. मी गाठ सोडली. सासूबाईंना अजून सांगितलं न्हाई.

तुमी असता तर काय केलं असतं?