ओवीखालचं नाव

सरांनी माझा निबंध दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला. दादरचं कॉलेज, बी.ए.चं पहिलं वर्ष. संस्कृत आणि मराठी कवितेतला विरह, हा विषय त्यांनीच दिलेला. सर्वांत चांगला निबंध वार्षिक अंकात छापणार होते. मी संस्कृत श्लोकातल्या नायिकेशेजारी माझ्या आईची ओवी लिहिली होती. बाबा मुंबईला गिरणीत आणि आई कोकणात, तेव्हा जात्यावर बसून तिनं रचलेली.

गिरणीचा भोंगा तुला हाक मारतो पहाटं
माझ्या हाकेची रं सख्या खाडी अडवीते वाट

सरांनी ती हेल काढून वाचली. वर्ग हसला. मग म्हणाले, "विरहाला फुरसत लागते. तुमच्यात विरह नसतो, उपासमार असते."

तुमच्यात. माझे कान तापले. माझ्याबरोबर डबा खाणारी मैत्रीणही हसत होती. दुसऱ्या दिवशी ती बाक बदलून बसली. पुढे वर्षभर मी एकटीच जेवले.

त्याच आठवड्यात शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. व्यासपीठावर हेच सर. मराठी ही कष्टकऱ्यांची भाषा, तिचा अपमान सहन करणार नाही म्हणाले. माझे बाबा पाळी संपवून थेट आलेले, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होते. त्यांना काय सांगणार? एवढ्या माणसांत मला रडायला आलं, ते कुणाला दिसलंही नाही.

सोमवारी सरांनी खोलीत बोलावलं. निबंध छापू म्हणाले, श्लोकांचा भाग चांगला आहे. ओवीही राहू दे, लोकगीताचा नमुना म्हणून. फक्त खाली लिही, कवयित्री अज्ञात.

"सर, ती माझी आई आहे. आता इथंच, चिंचपोकळीला राहते."

"श्लोकाला कवी असतो. ओवीला नाव नसतं."

छापलेलं स्वतःचं नाव बघायची मला फार हाव होती. खोटं कशाला बोलू? मी पेन उघडलं. कवयित्री लिहून पुढे अ लिहिला. मग तो खोडला आणि तिथंच लिहिलं, भागीरथी, माझी आई. सरांनी कागद माझ्याकडे ढकलला. मी तो उचलून बाहेर पडले. अंकात दुसऱ्याच कुणाचा निबंध आला.

संस्कृत मी सोडलं नाही. सोडणारही नाही. श्लोक मला आवडतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांच्याशेजारी आईला बसवताना मी आता कुणाची परवानगी मागत नाही. आईचं नाव पुसून मिळणारी जागा मला नको.