आर्डिस क्वामेचं स्वयंपाकघर

एल्स्टाडमध्ये माणूस गेलं की चर्चच्या तळघरात जेवण होतं. वर प्रार्थना, मग दफनभूमी, आणि तिथून कुडकुडत परत आलेल्या लोकांना खाली गरम कॉफी, लोणी लावलेल्या बनमध्ये हॅमचे काप, बटाटे, काकडीचं लोणचं आणि बशीच्या कडेला थरथरणारी लाल जेली. हे जेवण आजवर कुणालाच चुकलेलं नाही. जन्मभर चर्चची पायरी न चढलेल्या, शेवटी दारू पिऊन ट्रॅक्टरवरून पडलेल्या ओले ब्रेकेलाही ते मिळालं. त्यात नियम एकच होता. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरच्या बाईनं त्या दिवशी स्वयंपाकघराच्या आत पाऊल टाकायचं नाही. तिनं टेबलाशी बसायचं आणि दुसऱ्यांनी आणून दिलेलं खायचं. एल्स्टाडच्या लोकांना चारचौघांत रडता येत नाही, सांत्वन करता येत नाही, गळ्यात पडणं तर लांबच राहिलं. जे काही सांगायचं ते ही माणसं बनला लोणी लावून सांगतात.

या स्वयंपाकघराचा कारभार आर्डिस क्वामेकडे होता. ऐन विशीत ती वर्लिन क्वामेशी लग्न करून गावात आली आणि त्याच महिन्यात कुणीतरी गेलं. मर्टल थोर्सननं तिला लोणी लावायला बसवलं. मर्टल म्हणजे तेव्हाची तिथली सर्वेसर्वा. गाव देवाला भीत नसेल इतकं तिला भ्यायचं. लोणी पार कडेपर्यंत गेलं पाहिजे. कुणी नुसतं मधे थापलं की मर्टल तो बन उचलून सगळ्या बायकांना दाखवायची. लोणी लावणारीची कॉफी ओतणारी व्हायला आर्डिसला दहा-बारा वर्षं लागली. पुढं मर्टल गेली, तिचं जेवण आर्डिसनं पार पाडलं, आणि कुणी न ठरवता तळघराची किल्ली तिच्या पर्समध्ये राहिली.

त्या जेवणाचं मोल तिला कळलं ते क्रेगच्या वेळी. क्रेग तिचा थोरला. अठराव्या वर्षी धान्याच्या कोठारात उतरला आणि मक्याखाली गाडला गेला. दफन करून आल्यावर ती सवयीनं सरळ स्वयंपाकघराकडे निघाली. दारात लव्हॉन हाऊगेन उभी होती, तिची बरोबरीची, जिवाभावाची. लव्हॉननं तिचे दोन्ही खांदे धरून तिला मागं फिरवलं, खुर्चीत बसवलं, पुढ्यात बशी ठेवली आणि "खा" एवढंच म्हणाली. आत वीसेक बायका राबत होत्या. त्यांच्या भांड्यांचा आवाज ऐकत आर्डिसनं बशीतलं सगळं संपवलं. त्यानंतर ती जगली, ती त्या भांड्यांच्या आवाजावर जगली असं ती मनोमन मानायची. बोलली कधीच नाही. बोलायची तिथं पद्धत नाही.

गाव आटत चाललंय हे सरकारला कागदावर दिसतं, आर्डिसला ते हॅमवर दिसायचं. पूर्वी सांगून ठेवायला लागायचा तेवढा हॅम निम्म्यावर आला, मग त्याच्या निम्म्यावर. शेतं मोठी होत गेली आणि शेतकरी मोजके उरले. शाळा बंद पडली. पोरं बसनं दूरच्या गावाला शिकायला जाऊ लागली आणि शिकून तिकडूनच पसार झाली. आर्डिसची धाकटी कॉलीनही फिनिक्सला गेली, जिथं म्हणे बर्फ बघायला फ्रीज उघडावा लागतो. नॉर्वेहून आलेल्यांच्या या गावात आता दप्तरांपेक्षा म्हाताऱ्यांचे वॉकर जास्त झाले. मागं जनगणनेची बाई दारात आली आणि घरात माणसं किती म्हणून विचारू लागली, तेव्हा वर्लिन म्हणाला, "दोन. पण कुत्रंही लिही. गाव जरा भरल्यासारखं दिसेल." ती बाई हसली नाही. वर्लिन मात्र आठवडाभर हाच विनोद सांगत फिरला.

नवी माणसं आलीच नव्हती असं नाही. गावाबाहेर मोठा गोठा झाला, हजारो गाईंचा, आणि तिथं दूध काढायला मेक्सिको, ग्वाटेमालाकडची कुटुंबं आली. शिक्षकांची, बँकवाल्यांची ओस पडलेली घरं त्यांनी घेतली. गावात सायकलीवर एखादं पोर दिसलं तर ते त्यांचंच. पण चर्चच्या बायकांनी त्यांना तळघरात कधी बोलावलं नाही. त्यांचं चर्च वेगळं, त्यांना आपलं खाणं आवडायचं नाही, असं परस्पर ठरवून मोकळ्या झाल्या. विचारलं कुणीच नव्हतं. एकटा वर्लिन त्यांच्याकडे बघून हात हलवायचा. समोरच्या घरातल्या येसेनियाच्या दारातला बर्फ तो आपल्या दारातल्याआधी काढायचा आणि आर्डिसला म्हणायचा, "हे आहेत म्हणून गावाची पाटी आहे. नाहीतर तीही उपटून नेली असती."

ऑक्टोबरात, साखरेच्या बीटाची काढणी ऐन भरात असताना, वर्लिन पायरीवर बूट काढायला बसला आणि एक बूट हातात असतानाच गेला. आर्डिसनं आधी बूट बाजूला ठेवला, मग फोन केला.

शुक्रवारी दफन ठरलं. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की स्वयंपाकघरात आता कुणीच नाही. गेल्या काही वर्षांत एकेकीला निरोप देता देता तिनं आपलाच ताफा पुरला होता. दोघी वृद्धाश्रमात होत्या. ज्या चार तरण्या सुना गावात होत्या त्या बीटाच्या ट्रकवर होत्या, आणि बीट कुणाच्या मरणासाठी थांबत नाही, हे तिलाही मान्य होतं. राहता राहिली लव्हॉन. लव्हॉनचंही आता वय झालं होतं आणि अधूनमधून ती तीच गोष्ट तीनदा सांगायची. किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायची. आर्डिसनं हे पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. फोनवर लव्हॉन ठामपणे म्हणाली, "मी आहे ना. तू काळजी करायची नाहीस." आवाज जुन्या लव्हॉनचाच होता. आर्डिसनं त्यावर विश्वास टाकला, कारण विश्वास टाकायला दुसरं कुणी नव्हतं.

कॉलीन विमानानं आली. शहरातल्या दुकानातून तयार जेवण मागवू, म्हणाली. बापाला दुकानातला ट्रे देऊन निरोप द्यायचा का, असं आर्डिसनं विचारलं. चार गावांची चार चर्चं एकटी सांभाळणारी पाद्रीबाई येऊन गेली. खालची व्यवस्था झालीय ना, असं तिनं विचारलं. आर्डिस म्हणाली, झालीय की.

बुधवारी दुपारी येसेनिया आली. टॉवेलात गुंडाळलेलं गरम पातेलं तिनं ओट्यावर ठेवलं आणि तशीच उभी राहिली. तोडक्यामोडक्या भाषेत, पण आधी घोकून आल्यासारखं स्पष्ट म्हणाली, "आर्डिसबाई, शुक्रवारी मला आणि माझ्या बहिणीला सकाळची पाळी नाही. आम्ही चर्चमध्ये येतो. काम सांगा, आम्ही करतो. वर्लिनबाबांसाठी."

हो म्हण, अगदी आत्ता हो म्हण, असं आर्डिसचं मन ओरडत होतं. पण एल्स्टाडमध्ये पहिल्या विचारण्याला हो म्हणणारं माणूस हावरट समजतात. पहिल्यांदा नको म्हणायचं. समोरच्यानं पुन्हा म्हणायचं, तेव्हा जरा हळू नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग, तुमचा इतका आग्रहच आहे तर, असं म्हणून घ्यायचं. कॉफीचा दुसरा कपसुद्धा तिथं असाच घेतात. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "छे छे, नको गं. कशाला उगाच त्रास? आहेत सगळ्या."

येसेनियानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. तिच्या लेखी नको म्हणजे नको. घरच्या बाईच्या दुःखात आपण मधे मधे करू नये, असंही तिला वाटलं असेल. तिनं आर्डिसच्या हातावर हात ठेवला, "बरं, बाई," म्हणाली आणि गेली.

आर्डिस दारात उभी राहिली. ती वळेल, निदान फाटकापाशी वळेल, अशी वाट बघत राहिली. येसेनिया रस्ता ओलांडून घरात शिरली. हाक मारायची तर चार पावलांचं अंतर. पण हाक मारून मदत मागायची हे तिच्या आईनं केलं नव्हतं, आजीनं केलं नव्हतं, आणि आता या वयात ते तोंड आणायचं कुठून? या लोकांच्या मानीपणाचं कौतुक पुष्कळ ऐकलंय. खरं सांगायचं तर तो मूर्खपणा आहे, आणि गाव बुडालं त्यात त्याचाही वाटा आहे.

गुरुवारी ती स्वतःच तळघरात गेली. उंबऱ्याशी जरा थबकली. दफन उद्या आहे, आजचा दिवस धरायचा नाही, अशी मनाची समजूत घालून आत शिरली. हॅम कापून झाकून ठेवला, बन आणून ठेवले, बश्या मांडल्या, कॉफीचं मोठं विजेचं पिंप पुसून त्याच्या शेजारी कॉफीचा डबा काढून ठेवला. लव्हॉननं फक्त पाणी भरून बटण दाबायचं आणि लोणी लावायचं, एवढंच शिल्लक ठेवलं.

शुक्रवारी चर्चमध्ये लोक बरेच होते, पण बहुतेक सगळे बाहेरून आलेले. गावातले शवपेटी उचलायलासुद्धा पुरेनात, म्हणून अंत्यविधी कंपनीनं आपली माणसं दिली होती. येसेनिया आणि तिची बहीण मागच्या बाकावर काळे कपडे घालून बसल्या होत्या, पाहुण्यांसारख्या. आर्डिस पहिल्या बाकावर कॉलीनशेजारी बसली. पाद्रीबाई वर्लिनबद्दल चांगलं बोलत होती, कुत्र्याचा विनोदही तिनं सांगितला. आर्डिसचं लक्ष लागत नव्हतं. दुसरं स्तोत्र संपलं की खालून, जमिनीतल्या जाळीतून कॉफीचा वास वर येतो. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता. दुसरं स्तोत्र संपलं. बायबलातलं वाचन झालं. वास आला नाही.

ती उठली. बाईला आवरेना, असं वाटून लोकांनी माना खाली घातल्या. पाद्रीबाई एक वाक्य अडखळली आणि पुढं बोलत राहिली.

खाली पिंप कोरडं होतं. बन पिशव्यांतच होते. लव्हॉन चांगला ड्रेस घालून, ॲप्रन बांधून, हात मांडीवर ठेवून खुर्चीत शांत बसली होती. आर्डिसला बघून तिचा चेहरा उजळला. "मर्टल," ती म्हणाली, "बरं झालं आलीस. मला कुणी काय करायचं ते सांगितलंच नाही."

मर्टलला जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती. आर्डिसनं खुंटीवरचा ॲप्रन काढला, काळ्या ड्रेसवर बांधला आणि पिंप नळाखाली धरलं.

थोड्या वेळानं कॉलीन धावत जिना उतरून आली. "आई, निघालेत सगळे. गाडीत ठेवतायत बाबांना. चल ना."

"परत येतील तेव्हा गारठलेले असतील," आर्डिस म्हणाली.

"कॉफी गेली खड्ड्यात. मी बघते इथलं, तू जा."

"तुला पिंप लावता येत नाही. आणि बाप आहे तुझा. घरचं कुणीतरी हवं तिथं. जा तू."

कॉलीन रडत उभी राहिली. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थांबले असते. वरून कुणीतरी कॉलीनला हाक मारली, तेव्हा ती गेली.

तळघराला जमिनीलगत एक अरुंद खिडकी आहे. तिच्यातून माणसांचे फक्त पाय दिसतात. कंपनीच्या माणसांचे काळ्या बुटांचे सहा जोड जवळजवळ, एका चालीनं गेले. मग कॉलीनच्या उंच टाचा, मग पाहुणे, आणि सगळ्यांत शेवटी दोन साधे, चिखल पुसलेले कामाच्या बुटांचे जोड, जे क्षणभर खिडकीशी थांबले आणि मग तेही गेले. आर्डिसनं पंचावन्न वर्षांच्या संसाराला एवढाच निरोप दिला. पिंप हळूहळू गुरगुरू लागलं होतं.

"कोण गं गेलं?" लव्हॉननं विचारलं.

"वर्लिन."

"आर्डिसचा वर्लिन?" लव्हॉनचा हात तोंडावर गेला. "अरे देवा. मर्टल, तिला सांगून ठेव हं. ती मेली सवयीनं इकडेच येईल. तिला म्हणावं, आज तू इकडे फिरकायचंसुद्धा नाहीस. आम्ही आहोत सगळ्या. तू बस नुसती."

"सांगते," आर्डिस म्हणाली.

तिनं एक बन मधोमध चिरला, सुरी आणि लोणी लव्हॉनच्या हातात दिलं. लव्हॉन खाली मान घालून कामाला लागली. लोणी अगदी कडेपर्यंत लावत होती, एकही जागा कोरडी सोडत नव्हती. आर्डिस तिच्याशेजारी उभी राहून दुसरा बन चिरू लागली.